रेषा सोडताना

बरणी पडली तेव्हा इनेस लॅमंट तिच्याकडेच बघत होता. नेटाच्या बेकरीत सकाळची गर्दी होती. काचा वाफेनं धुरकटल्या होत्या आणि खिमा-कांदा भरलेल्या गरम ब्राइडीचा वास ओल्या लोकरी कोटांच्या वासात मिसळला होता. कुणाच्या तरी कोपराचा धक्का फळीला लागला. फळीच्या टोकावरची मार्मलेडची बरणी डुगडुगली, कलली आणि त्याच्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावरून खाली गेली. ती पडते आहे हे त्याला दिसलं. तिच्यातले संत्र्याच्या सालीचे काप हललेले दिसले. हात मात्र कोटाच्या कडेला तसाच लोंबत राहिला. मग फरशीवर आवाज झाला आणि त्याच्या बुटांवर चिकट शिंतोडे उडाले.

"काय रे इनेस," काउंटरमागून नेटा म्हणाली, "शनिवारी गोलात पण असाच बघत उभा राहणार आहेस का? तसं असेल तर आत्ताच सांग, मी आपली घरी बसून विणकाम करते."

बायका हसल्या. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "अगं, ग्लासगोवाले बरण्या नाही मारत." पुन्हा हसू. इनेसही हसला. तो काचा गोळा करायला वाकला, तशी नेटानं त्याला हटकलं. "राहू दे ते. बोट कापून घेशील आणि अख्खं डंडी गाव माझ्या नावानं बोंब मारेल."

तो बाहेर आला. टेकडीवरून खाली नदीपर्यंत उतरत जाणाऱ्या रस्त्यावर फेब्रुवारीचा वारा समोरून येत होता. हातात कागदी पिशवी गरम लागत होती, म्हणजे हाताला कळत होतं. बोटं मिटत होती, उघडत होती. मग मघाशी काय झालं? काही नाही झालं, तो स्वतःशी म्हणाला. लक्ष नव्हतं. पण लक्ष होतं, हेच तर वाईट होतं. इतक्या वर्षांत त्याच्या हातानं त्याला कधी काही विचारलं नव्हतं. चेंडू यायचा आणि हात गेलेला असायचा. लोक ओरडायचे त्यावरून त्याला कळायचं की आपण काहीतरी अवघड केलं. क्रेगी रोव्हर्स या फुटबॉल क्लबच्या गोलात तो मिसरूड फुटलं तेव्हापासून उभा होता. त्याच्यासमोर बचावपटू आले आणि गेले, मॅनेजर बदलले, उभं राहून बघणाऱ्यांच्या डोक्यावरच्या चपट्या टोप्या गेल्या आणि लांब केस आले, गोलमागची एक पिढी आपल्या पोरांना घेऊन येऊ लागली. तो मात्र त्या दोन खांबांच्या मध्ये तसाच होता. वर्तमानपत्रवाले लिहायचे, लॅमंटचे हात विचार करत नाहीत. ते वाचताना त्याला मनातून बरं वाटायचं, आणि थोडी भीतीही वाटायची. जे विचार न करता येतं ते न सांगता जाईलही, असं काहीतरी त्या भीतीत होतं. पण तिच्याकडे त्यानं कधी नीट बघितलं नव्हतं.

हात असे झाले ते बटाट्यांमुळे. आई तागाच्या गिरणीत मागावर होती, आणि वडील घरी. त्या काळी डंडीत हे काही नवल नव्हतं. पोरगा अठरा वर्षांचा झाला की त्याला पुरुषाची मजुरी द्यावी लागते म्हणून गिरणी त्याला काढून टाकायची आणि त्याच्या जागी त्याच्या बहिणीला घ्यायची. बायका कमावायच्या आणि नवरे चूल सांभाळायचे. अशा पुरुषांना गावात किटलीवाले म्हणत. इनेसचे वडील किटलीवाले होते. संध्याकाळी ते खिडकीपाशी बसून बटाटे सोलायचे आणि सोललेला बटाटा मागे न बघता भांड्याच्या दिशेनं फेकायचे. भांडं आणि वडील यांच्यामध्ये इनेस उभा असायचा. ओला, निसरडा, गार बटाटा. "सुटला तर तू उपाशी," वडील खिडकीबाहेर बघत म्हणायचे. तो कधी उपाशी राहिला नाही. वडिलांच्या मानेचा मागचा भाग त्याला अजून आठवायचा. खालून रस्त्यावरून कुणीतरी हाक मारायचं, "काय रे, किटली उकळली का?", आणि ती मान लाल व्हायची. पुढचा बटाटा जोरात यायचा.

मैदानावर पोचेपर्यंत पिशवी गार झाली होती. सराव सुरू झाला. चिखलाला बर्फाची कड होती. त्यानं चार-पाच चेंडू सहज अडवले आणि त्याला हायसं वाटलं. मग डाव्या कोपऱ्यात एक चेंडू आला, काही फार जोराचा नाही, आणि तो झेपावला तेव्हा जाळं आधीच हललं होतं. पूर्वी असं झालं असतं तर चौघांनी शिव्या घातल्या असत्या, कुणीतरी विचारलं असतं की रात्री कुणाकडे होतास. आज सगळे एकदम बुटांच्या नाड्यांकडे बघायला लागले. त्या गप्प राहण्यात माया होती, आणि ती माया त्याला काट्यासारखी टोचली.

मॅनेजर मर्डो पेट्री त्याच्या मागोमाग कपडे बदलायच्या खोलीत आला. मर्डो एके काळी त्याच्या पुढे उजव्या बाजूला बचाव करायचा. आता पोट सुटलं होतं आणि आवाज हळू झाला होता.

"बस ना," मर्डो म्हणाला.

"बसवतोयस म्हणजे वाईट बातमी आहे."

"बातमी नाही रे. विचारतोय. शनिवारी कपचा सामना, ग्लासगोवाले येणार, मैदान भरणार. तू उभा राहतोस की फिनलेला उभा करू?" फिनले ब्रोडी म्हणजे दुसरा गोलकीपर. बाविशीतला, लांब हातांचा, तीन हंगाम बाकावर बसून असलेला.

"असं कधीपासून विचारायला लागलास?"

"तुला विचारल्याशिवाय कसं करणार? तू म्हणशील तसं. पुढच्या वर्षी पोरांना शिकवायला ये, खोली आहे, पगार आहे. मान आहे. कुणी म्हणणार नाही की लॅमंटला काढलं. लॅमंट थांबला, असंच म्हणतील."

मर्डोचे डोळे खरोखर ओलसर होते. इनेसला वाटलं, या माणसाला एक ठोसा मारावा. "शुक्रवारी सांगतो," तो म्हणाला.

सगळे गेल्यावर त्यानं फिनलेला थांबवून घेतलं. पोरगा घरी जायला निघाला होता. "मला चेंडू मार," इनेस म्हणाला. "कुठे मारतोस ते सांगू नकोस, आणि दया करू नकोस."

"तुम्हाला दया दाखवून मला काय मिळणार?" फिनले म्हणाला. दिवसभरात कुणी त्याच्याशी सरळ बोललं असेल तर ते हे वाक्य. फिनलेनं बूट चढवले आणि मारायला लागला. सूर्य नदीपलीकडच्या फाइफच्या डोंगरांवर टेकला होता आणि चेंडू उजेडातून काळे होऊन येत होते. उजवीकडचे जमत होते. डावीकडे कमरेच्या उंचीवर आलेल्या प्रत्येक चेंडूला तो पोचत होता, पण उशिरा. पापणी लवायला लागतो तेवढाच उशीर. पहिल्यांदा त्यानं अंदाज बांधून आधीच झेपावून पाहिलं. फिनलेनं दुसऱ्या बाजूला मारला. मग तो थांबून राहिला, आणि उशीर झाला. शेवटी चेंडू जाळ्यातून काढताना फिनले सहज बोलून गेला, "तुम्ही इतके मागे का उभे राहता पण? रेषेला चिकटून? दोन पावलं पुढे आलात तर मला गोल अर्धाच दिसेल."

इनेस हातमोजे काढायला लागला. उत्तर होतं. ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

फार वर्षांपूर्वी, फाइफमधल्या एका ओल्या मैदानावर, तो पुढे गेला होता. चेंडू मोकळा पडला होता आणि समोरून एक धिप्पाड माणूस धावत येत होता, आणि तेव्हाचा इनेस असा होता की त्याला त्यात मजा वाटली होती. तो त्या पायांत शिरला. गुडघा आला. आवाज आधी आला आणि दुखणं नंतर, हे त्याला स्पष्ट आठवत होतं. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज, स्वतःच्या आत. जबडा आणि गळ्याचं हाड. इस्पितळात तारांनी तोंड बांधलेलं, आई नळीनं सूप पाजतेय आणि वडील खिडकीबाहेर बघत उभे. बरा होऊन आला तेव्हा त्याचे पाय बदलले होते. ते रेषेपर्यंत जायचे आणि तिथे थबकायचे, पाण्याच्या काठाशी घोडं थबकतं तसे. मग तो रेषेवर राहायला शिकला. चेंडू जवळ येऊ द्यायचा आणि हातांवर सोडायचं. हात पोचत होते. लोकांना ते फार आवडायचं, कारण रेषेवरची झेप दिसायला सुंदर असते. पायांनी जे सोडलं ते हातांनी इतकी वर्षं भरून काढलं, आणि लोकांनी त्याला त्याची शैली म्हटलं. आज हात म्हणत होते, आता तुझं तू बघ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या वेळी तो आईसमोर बसला होता. लग्न करायचं राहून गेलं होतं. वडील गेल्यावर तो आणि आई असे दोघंच लॉकी या गिरणवस्तीतल्या घरात, तिसऱ्या मजल्यावर राहत होते. मागांच्या खडखडाटानं आईचे कान तरुणपणीच गेले होते. गिरणीतल्या सगळ्याच बायका ओठांवरून वाचायच्या, अख्ख्या खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आवाज न करता, कुचाळक्यासुद्धा. त्यामुळे घरात खोटं बोलणं अवघड होतं. ती आवाज ऐकत नसे, तोंड बघत असे.

"खात का नाहीस?" तिनं विचारलं. त्याच्या पुढ्यात खिमा आणि बटाटे होते.

त्यानं सांगितलं. बरणीचं, मर्डोचं, डाव्या बाजूचं. फाइफचं मात्र नाही सांगितलं. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली, आणि तो थांबल्यावरही बघत राहिली, जणू राहिलेलंही तिथेच कुठेतरी लिहिलेलं असावं.

"मग थांब की," ती म्हणाली. "पुरे झालं. तुझा बाप याच वयात खोकायला लागला होता. तू धडधाकट आहेस. मर्डो जागा देतोय. घे."

"तू पण?"

"मी पण काय? मला जर त्या गिरणीत कुणी म्हणालं असतं ना, बाई, पुरे, तर मी ॲप्रन तिथेच टाकून पळत घरी आले असते. मागे वळूनसुद्धा बघितलं नसतं."

"तुला ते काम आवडत नव्हतं, आई."

"आणि तुला हे आवडतं?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो काट्यानं बटाटा कुस्करत राहिला. आवडतं का? पावसात लोकरी हातमोजे भिजून जड व्हायचे. गोलमागून लोक नाही नाही ते बोलायचे. चेंडू पलीकडे असताना त्या दोन खांबांमध्ये इतकं एकटं वाटायचं की तो खांबाला हात लावून बघायचा. हरल्यावर पोरं आपापसात भांडून मोकळी व्हायची आणि त्याच्याशी कुणी भांडायचं नाही, कारण शेवटचा हात त्याचा असायचा. आवडतं हा शब्द या सगळ्याला पुरत नव्हता. पण थांबायचं म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय यायचं? रेषा. तो रेषेवर उभा आहे, पाय थबकलेले, आणि तसाच कुणीतरी त्याला हाताला धरून, प्रेमानं, बाजूला नेतंय. कुणाला कळणारही नाही. तो चांगला होता, म्हणतील. तो एकटा जाणेल की रेषेपुढच्या मैदानात तो पुन्हा कधी गेलाच नाही.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण मला ते अजून करायचंय. अजून नीट केलेलं नाही."

आईनं त्याच्या तोंडाकडे पुन्हा बघितलं. "मग तसं सांग मर्डोला," ती म्हणाली, "आणि ते आधी संपव. गार झालं तर चरबी थिजते."

शुक्रवारी त्यानं मर्डोला सांगितलं, "मी उभा राहणार." मर्डोनं मान डोलावली. त्याला बरं वाटलं की वाईट, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. इनेसला ते जाणून घ्यायचंही नव्हतं. दुपारी तो आणि फिनले पुन्हा मैदानावर होते. या वेळी इनेसनं रेषेच्या पुढे बुटाच्या टाचेनं चिखलात एक ओरखडा काढला आणि तिथे उभा राहिला. पाठीमागची मोकळी जागा त्याला मानेवर जाणवत होती, उघड्या दारात पाठ करून बसल्यासारखी. फिनले चेंडू घेऊन थेट त्याच्यावर धावून आला. पाय थबकले. चेंडू बाजूनं निघून गेला.

"परत," इनेस म्हणाला.

परत थबकले. त्याच्यानंतरही. फिनले वळून, चेंडू घेऊन, पुन्हा धावून येत राहिला, आणि कुठल्या तरी एका खेपेला इनेसच्या लक्षात आलं की भीती जाण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. ती जाणार नव्हती. तिला सोबत घेऊनच निघावं लागणार होतं, रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन आपण बाजारात जातो तसं. त्यानं पायांना हुकूम केला, अगदी शब्दात, तोंडातल्या तोंडात, चल. पाय गेले. वेडेवाकडे गेले. तो फिनलेच्या नडगीवर आदळला आणि दोघंही चिखलात पडले. चेंडू इनेसच्या पोटाखाली होता.

"हाड मोडलं असतं माझं," फिनले नडगी चोळत म्हणाला.

"मग शनिवारी मला खेळावंच लागलं असतं," इनेस म्हणाला. फिनले हसला, आणि लगेच त्यानं हसू आवरलं, कारण जागा त्यालाही हवी होती.

शनिवारी मैदान गच्च भरलं. ग्लासगोहून गाड्या भरभरून माणसं आली होती आणि त्यांच्या गाण्यांनी पत्र्याचं छप्पर थरथरत होतं. सुरुवातीलाच, अजून श्वास लयीत आला नव्हता तोच, डावीकडे कमरेच्या उंचीवर एक चेंडू आला. त्याला दिसला. हात उशिरा गेला. जाळं हललं. गोलमागून, इतकी वर्षं त्याच्याच पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसांतून, कुणीतरी म्हणालं, "आजोबा, चष्मा विसरलात का?" दुसरा म्हणाला, "गप रे, आपला इनेस आहे तो." त्याला पहिला माणूस जास्त आवडला. त्यानं चेंडू जाळ्यातून काढला, मधोमध फेकला आणि रेषेच्या पुढे येऊन उभा राहिला. एक पाऊल. मग आणखी एक. बचावपटू मागे वळून बघायला लागले, हा इथे काय करतोय म्हणून.

"पुढे बघा," तो त्यांच्यावर ओरडला. "मागचं मी बघतो."

ते हसण्यासारखं होतं. पण त्याचं बोलणं ऐकून त्यांचे खांदे सरळ झाले हे त्याला दिसलं. त्यानंतरचा खेळ त्याला तुकड्या-तुकड्यांनी आठवत राहिला. पुढून मैदान वेगळं दिसत होतं. रेषेवरून जे त्याच्यावर येताना दिसायचं ते इथून त्याला घडायच्या आधी दिसत होतं. पाय कुठे वळतोय, खांदा कुठे झुकतोय, कोण कुणाला डोळ्यानं काय सांगतोय. गिरणीत आईला खात्याच्या पलीकडची ओठांची हालचाल दिसायची तसं. हाताला लवकर पोचता येत नसेल तर हाताला कमी लांब पाठवायचं, एवढंच होतं ते. मध्यंतराच्या आधी त्याच्या अंगावर मारलेले दोन चेंडू अंगालाच लागून परतले. मध्यंतरानंतर रोव्हर्सनं एक गोल फेडला, तोही कुणाच्या तरी पाठीला लागून गेलेला. छपराखालच्या पत्र्याच्या भिंतीवर लोक मुठी आपटायला लागले.

आणि मग, शेवटाकडे, ते आलं. मधला बचावपटू घसरला आणि चेंडू मोकळा पडला, आणि ग्लासगोवाल्यांचा आघाडीचा माणूस, मोठा, लाल चेहऱ्याचा, एकटा धावत सुटला. इनेसला वाटलं होतं तो क्षण लांबेल. तो लांबला नाही. फाइफचा वास नाकात आला, ओल्या गवताचा आणि रक्ताचा. पाय थबकले. चल, तो म्हणाला. पाय गेले. वेडेवाकडे, पण गेले. तो सरळ त्या बुटांत शिरला, दोन्ही हात पुढे, तोंड हातांच्या मागे. आघात झाला. आवाज आत झाला की बाहेर हे त्याला काही वेळ कळलं नाही. मग थंड चिखल ओठांवर लागला, आणि छातीखाली एक गोल, कठीण वस्तू होती, आणि ती त्याच्याखालीच राहिली होती. तो लाल चेहऱ्याचा माणूस त्याच्यावर वाकला. "जिवंत आहेस ना रे बाबा?" त्यानं विचारलं. इनेसनं जबडा हलवून बघितला. हलत होता. "हो," तो म्हणाला, "सरक जरा, मला चेंडू फेकायचाय."

एक-एक अशी बरोबरी झाली. म्हणजे कपच्या नियमाप्रमाणे बुधवारी ग्लासगोत पुन्हा सामना.

न्हाणीघरातल्या मोठ्या हौदात पाणी चिखलानं तपकिरी झालं होतं. पोरं गात होती, एकमेकांवर साबण फेकत होती. घसरलेल्या बचावपटूनं इनेसला शिव्या घातल्या, की तो बाहेर येणार हे आधी सांगितलं असतं तर आपण घाबरून घसरलो नसतो. शिव्या ऐकून त्याला घरी आल्यासारखं वाटलं. भुवईवर टाके घातले होते. डावा खांदा कानाच्या वर जात नव्हता. त्याला भीती आत्ता, सगळं झाल्यावर, पूर्णपणे वाटत होती. तो ती पाण्यात बसून वाटू देत होता.

मर्डो हौदाच्या काठाशी येऊन उकिडवा बसला. "खांदा?"

"दुखतोय."

"डोकं?"

"दुखतंय."

मर्डोनं आवाज खाली आणला. "हे बघ, आज तू जे केलंस ना, त्यावर थांबलास तर यापेक्षा चांगला शेवट नाही. बुधवारी फिनलेला उतरवतो. तू बाकावर माझ्या शेजारी बस. लोक उभे राहून टाळ्या वाजवतील तुला."

दाराशी फिनले उभा होता. तो खेळलेला नव्हता, त्याचे केस कोरडे होते, अंगात बाकावरचा लांब कोट होता. तो ऐकत नसल्यासारखं दाखवत नव्हता. सरळ इनेसकडे बघत होता. इनेसला त्याचं ते बघणं बरं वाटलं. त्यात माया नव्हती. त्यात फक्त भूक होती, आणि ती भूक त्याला चांगली ओळखीची होती.

"आज मी एकदा गेलो," इनेस मर्डोला म्हणाला. "एकदाच. एकदा जाणं म्हणजे जमणं नव्हे." मग तो फिनलेकडे वळला. "तुला जागा हवीय?"

"हवीय," फिनले म्हणाला.

"मग मर्डोकडून घेऊ नकोस. तो ती मला वाईट वाटू नये म्हणून देईल तुला. माझ्याकडून घे. सोमवारी, मैदानावर, सगळ्यांसमोर. ज्याचं चांगलं होईल तो ग्लासगोला उभा राहील."

मर्डो दोघांकडे बघत उठला आणि बाजूला झाला.

"मी तुम्हाला सोडणार नाही हं," फिनले म्हणाला.

"सोडलंस तर परत तोंड बघणार नाही तुझं." इनेसनं हौदाच्या काठाला धरून उठायचा प्रयत्न केला. पाय थरथरले, तो परत खाली बसला, आणि पाणी हनुवटीपर्यंत येऊ दिलं. "सकाळी लवकर ये," तो म्हणाला. "मला अंग गरम व्हायला आता वेळ लागतो."